मुदत

जुलै २०१९. शाळा सुरू होऊन महिना झाला होता. मस्टरवर सही करायला मी ऑफिसात गेले, तर बाहेरच्या बाकावर माझा धाकटा भाऊ बसलेला. मांडीवर निळी प्लास्टिकची फाईल, पायांत पावसानं भिजलेल्या चपला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर दुसरीकडे वळवली. मी सही केली, खडू-डस्टर उचललं आणि वर्गावर निघून गेले. त्या तासाला काय शिकवलं ते आठवत नाही. तो बाक मात्र अजून आठवतो.

आमच्या समाजात कुणाचा नवा धंदा बंद पडला की तीन कारणं ठरलेली असतात. मेहनत केली नाही, नशिबात नव्हतं, किंवा शिक्षण कमी पडलं. मी शिक्षिका, त्यामुळे तिसरं कारण मी स्वतः कितीतरी कार्यक्रमांत माईकसमोर उभं राहून सांगितलं आहे. आज चौथं कारण सांगायचं आहे. ते सांगायला मला इतकी वर्षं लागली, कारण त्यात माझाही हात आहे.

सुरुवात अब्बांपासून करते. सोलापूर हे गिरण्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इथं कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरीला त्यांचे भोंगे एकेक करून गप्प झाले. अब्बांची गिरणी बंद पडली तेव्हा मी दहावीत होते. हाती आलेल्या थोड्याफार पैशांतून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान काढलं. गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून होतं. गल्लीत विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, हातगाडीवाले. माल चांगला, वजन चोख. तरीही तीन वर्षांत दुकान बंद झालं.

उधारीची वही मी लिहायची. अक्षर चांगलं म्हणून. कुणी काय नेलं, किती नेलं, कोणत्या तारखेला नेलं, सगळं व्यवस्थित. अब्बांना त्या वहीचा अभिमान होता. ते म्हणायचे, कुरआनातली सगळ्यांत लांब आयत नमाज-रोजाबद्दल नाही, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. खरंच आहे ते. सूरह बकराची २८२वी आयत. देवघेव लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, लिहिणारा प्रामाणिक असू द्या, साक्षीदार ठेवा, इतकं बारकाईनं त्यात सांगितलं आहे. पण त्याच आयतीत अगदी सुरुवातीला आणखी एक गोष्ट आहे, जी आम्ही बापलेक विसरलो होतो. कर्ज ठरावीक मुदतीचं असावं. आमच्या वहीत नेल्याची तारीख होती. परत देण्याची तारीख कुठेच नव्हती.

अब्बांच्या दुकानाचा ताळेबंद कधी मांडला असता, तर कदाचित नफाच दिसला असता. येणं देण्यापेक्षा जास्त होतं. पण घाऊक व्यापाऱ्याला येणं दाखवून साखरेचं पोतं मिळत नाही. त्याला रोकडा लागतो. धंदा तोट्यानं मरतो असं आपण समजतो. माझ्या पाहण्यात तो जास्त वेळा उशिरानं मेला.

आता भावाकडे येते. तो कटिंग मास्टरच्या हाताखाली बारा वर्षं काम शिकला. २०१७ मध्ये त्यानं विजापूर वेशीच्या मागच्या बाजूला एक गाळा भाड्यानं घेतला. सहा शिलाई मशिनी, एक ओव्हरलॉक, एक काज-बटणाची जुनी मशीन. सोलापुरात शाळांचे गणवेश शिवणारे असे शेकडो छोटे कारखाने आहेत. इथला माल महाराष्ट्रात आणि बाहेरही जातो. काम चांगलं असलं की ऑर्डरींची कमतरता नसते.

गणवेशाच्या धंद्याचं गणित बाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. शाळा उघडते जूनमध्ये. कापड उचलावं लागतं जानेवारी-फेब्रुवारीत. पँटचं, स्कर्टचं कापड बहुतेक भिलवाड्याचं. मार्च ते मे शिलाई चालते. कारागिरांचा हिशेब दर शनिवारी. शनिवार चुकला की सोमवारी मशीन रिकामी. म्हणजे पैसे सहा महिने बाहेर जात राहतात आणि येतात एकदम, जूननंतर. जर आले तर.

२०१८ मध्ये मी जिथं शिकवते त्या संस्थेनं गणवेशासाठी कोटेशन मागवली. नोटीस मी पाहिली आणि भावाला सांगितलं, एवढंच. दर त्यानं स्वतः काढला, तो सगळ्यांत कमी निघाला आणि काम मिळालं. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे आमचं नातं ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. बहिणीनं भावाला ऑर्डर मिळवून दिली, असं कुणी म्हणू नये म्हणून. त्यावेळी ती गोष्ट मला प्रामाणिकपणाची वाटली होती, आणि तेव्हा ती होतीही.

नऊशे मुलं, प्रत्येकी दोन जोड. अठराशे जोड. जोडीला साडेपाचशे रुपये, म्हणजे बिल नऊ लाख नव्वद हजारांचं. खर्चाचा हिशेब असा. कापड २८० रुपये, शिलाई ११०, काज-बटण, धागा, पॅकिंग मिळून ३०, गाळ्याचं भाडं आणि लाईट ३०. जोडीमागे साडेचारशे खर्च, शंभर रुपये सुटणार. एकूण खर्च आठ लाख दहा हजार, नफा एक लाख ऐंशी हजार. पहिल्याच मोठ्या कामात इतका नफा म्हणजे घरात ईद आधीच आल्यासारखं वाटलं.

कापड त्यानं व्यापाऱ्याकडून उधारीवर उचललं. शिलाईचे पैसे स्वतःच्या शिल्लकीतून, भिशीतून आणि एक लाख माझ्याकडून. त्यासाठी मी दोन बांगड्या मोडल्या. नवऱ्यानं हरकत घेतली नाही, पण विचारलं, ''परत कधी देणार?'' मी हसून म्हटलं, ''सख्ख्या भावाला तारीख विचारायची का?'' पाहा, वही अजून तीच होती.

जूनच्या दहा तारखेला माल पोहोचला. ऑगस्टमध्ये चार लाखांचा चेक आला. उरलेले पाच लाख नव्वद हजार 'बिल पास झालं की' मिळणार होते. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली. कधी सही करणारे बाहेरगावी, कधी ऑडिट चालू, कधी फाईल दुसऱ्या टेबलावर. कुणी त्याला हाकललं नाही, कुणी पैसे मागितले नाहीत, मालात खोट काढली नाही. सगळे नीट बोलायचे. फक्त बिल पास होत नव्हतं.

कर्ज का काढलं नाही, असं तुम्ही विचाराल. मुद्रा योजना २०१५ पासून आहे, आणि तेव्हा तीत दहा लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळण्याची तरतूद होती. भाऊ एकदा बँकेत जाऊन आलाही होता. मागच्या वर्षांची विवरणपत्रं मागितली, ती नव्या धंद्याकडे कुठून असणार? पण खरं सांगायचं तर तो गेलाच अर्ध्या मनानं. अब्बांनी आयुष्यात कधी सुदाचा पैसा घरात येऊ दिला नव्हता. भावाला ते मोडायचं नव्हतं. मलाही त्याचं कौतुक होतं.

आमच्या लोकांचा आणि बँकेचा दुरावा दोन्ही बाजूंनी आहे, हेही नोंदवायला हवं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. एक, मुसलमानांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. दुसरी, बँकेच्या कर्जात त्यांचा वाटा मात्र फार कमी आहे. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी नकोसे भाग ठरवल्याचंही त्या अहवालात नमूद आहे. म्हणजे ज्यांना भांडवलाची गरज जास्त, त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी दार बंद. आणि उघडं असलेल्या दारातून आम्ही ईमानापोटी आत जात नाही.

मग करायचं काय? दुसऱ्या देशात काय घडलं ते मी नंतर वाचलं. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी अगदी छोट्या धंदेवाल्यांना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि दहा किंवा वीस हजार श्रीलंकन रुपयांची मदत दिली. कर्ज नाही, परत मागायचं नाही. ज्यांना मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही, त्यांची पुढे तुलना केली. पाच वर्षांनंतरही मदत मिळालेल्या पुरुषांचे धंदे जास्त संख्येनं टिकून होते. इतक्या लहान रकमेचा इतका लांब परिणाम! बायकांच्या धंद्यात मात्र तो फरक दिसला नाही. पुढे दुसऱ्या संशोधकांनी श्रीलंका, भारत आणि घानाचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा कळलं की बाईच्या नावानं आलेलं भांडवल पुष्कळदा घरातल्या पुरुषाच्या धंद्यात जातं. हे वाचताना माझा हात आपोआप मनगटाकडे गेला.

त्या अभ्यासातून मला एवढंच समजलं की गरीब देशांतला छोटा धंदा फार पातळ बर्फावर चालतो, असं काही नाही. तो आमच्या उजनीच्या कालव्यासारखा असतो. जमीन चांगली, बी चांगलं, पण पाण्याची पाळी दोन आठवडे चुकली की उभं पीक जळतं. पाणी नंतर भरपूर आलं तरी उपयोग नसतो.

कायद्याला हे माहीत आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो की नोंदणीकृत छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी राज्यात सुकरीकरण परिषद आहे, २०१७ मध्ये 'समाधान' नावाची ऑनलाइन सोयही सुरू झाली. हे सगळं मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं सांगितलं, ती आता वकिली करते. मी मोठ्या उत्साहानं भावाला सांगायला गेले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ''आपा, नोंदणी मैं कियाच नहीं. और तक्रार करके पैसा मिलेगा, पर अगले साल काम कौन देगा?'' व्याज तर त्याला नकोच होतं. त्याला त्याचे पैसे हवे होते, वेळेवर. कायदा भांडणाऱ्यासाठी असतो. छोट्या धंदेवाल्याला ज्याच्याशी भांडायचं असतं, त्याच्याकडेच उद्या काम मागायला जायचं असतं.

आता माझी गोष्ट.

२०१८ च्या शेवटी भाऊ घरी आला होता. चहा झाला. कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, ''आपा, तुमे एक बार बोल के देखते?'' मी म्हटलं, ''उसूल के खिलाफ है. मी बोलले तर लोक म्हणतील, आधीपासूनच साटंलोटं होतं.'' तो गप्प बसला. पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्या उसुलाचं त्याला कौतुक वाटलं असावं.

त्या उसुलामागे काय होतं ते सांगते. माझ्या नोकरीला बारा वर्षं पूर्ण झाली होती. वरिष्ठ वेतनश्रेणीचा माझा प्रस्ताव त्याच ऑफिसात होता, कदाचित त्याच टेबलावर. प्रस्ताव संस्थेकडून पुढे जायचा होता. दर महिन्याला पगारात चांगला फरक पडणार होता. अशा वेळी त्याच ऑफिसात थकलेल्या बिलाचा विषय काढणारी बाई मला व्हायचं नव्हतं. प्रामाणिकपणा म्हणून सुरू केलेलं मौन कधी भीती झालं, ते मला कळलं. मी ते स्वतःला कळू दिलं नाही, इतकंच.

ऑक्टोबर २०१९ मध्ये माझी वेतनश्रेणी मंजूर झाली. स्टाफरूममध्ये मी पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात ऑफिसात गेले आणि धीर करून बोलले, की गणवेशाचं बिल बाकी आहे, तो माझा भाऊ. कारकून दचकले. चष्मा काढून म्हणाले, ''मॅडम, आधी सांगायचं ना!'' दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फाईल गठ्ठ्यात खालून तिसरी होती. तिच्यावर कुणाचा राग नव्हता, कुणाची आडकाठी नव्हती. तिच्यासाठी कुणी बोलणारं नव्हतं, म्हणून ती खाली राहिली होती. नोव्हेंबरमध्ये पाच लाख नव्वद हजारांचा चेक निघाला.

मी मिठाई घेऊन भावाकडे गेले. भावजय स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. भाऊ कागदावर हिशेब करत बसला होता. तेव्हा त्यानं पहिल्यांदा सांगितलं. ऑगस्ट २०१८ मध्ये, कापडवाल्याचं उरलेलं देणं फेडायला आणि कारखाना चालू ठेवायला, त्यानं एका खासगी सावकाराकडून चार लाख घेतले होते. महिना तीन टक्क्यांनी. महिन्याला बारा हजार. पंधरा महिन्यांचे एक लाख ऐंशी हजार.

तुम्हांला आकडा ओळखीचा वाटला असेल. तोच. त्या कामातला सगळा नफा, एक रुपया इकडे ना तिकडे. बँकेचं कर्ज वर्षाला बारा टक्क्यांनी धरलं असतं तरी त्याच पंधरा महिन्यांचे साठ हजार झाले असते. सूद टाळायला जो बँकेची पायरी चढला नाही, तो सुदाच्या सगळ्यांत खोल विहिरीत उतरला होता. अम्मीला हे अजून माहीत नाही. मी वेळेवर बोलले असते तर ही विहीर लागलीच नसती. माझ्या पगारवाढीची किंमत कुणी दिली, हे त्या कागदावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यानं मला एक शब्द ऐकवला नाही. उलट बांगड्यांचे एक लाख माझ्यासमोर ठेवले. ''पहले तुमारे,'' म्हणाला.

चार महिन्यांनी लॉकडाऊन लागला. २०२० चा गणवेशाचा सीझन पूर्ण बुडाला. सरकारनं मे महिन्यात लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटींची हमी योजना जाहीर केली. तिची अट अशी की २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर आधीचं कर्ज असलं पाहिजे. त्याच्या काही टक्के जादा मिळणार. भावाच्या नावावर बँकेचं कर्जच नव्हतं. सावकाराचं कर्ज कोणत्या कागदावर असतं? त्यानं गाळा सोडला. तीन मशिनी विकल्या, तीन घरी आणल्या आणि पोटापुरते मास्क शिवले.

आज त्याचा धंदा आहे. टिकला, असं लोक म्हणतात. घरच्या पुढच्या खोलीत तीन मशिनी चालतात. तो पालकांना थेट गणवेश शिवून देतो, अर्धे पैसे आधी, अर्धे माल नेताना. संस्थांच्या मोठ्या ऑर्डरी घेत नाही. मागच्या वर्षी एक चांगली ऑर्डर चालून आली, त्यानं नम्रपणे नाही म्हटलं. आधी सहा बायका शिवायला यायच्या, आता दोघी येतात.

आपल्या देशातला चाळीस वर्षं जुना कारखाना नव्या कारखान्यापेक्षा फारसा मोठा नसतो, आणि अमेरिकेत तो सातपटीहून मोठा झालेला असतो, असं दोन अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीवरून दाखवलं आहे. त्याची कारणं पुष्कळ असतील. मला माझ्या भावाच्या खोलीतलं कारण माहीत आहे. मोठं व्हायचं तर अनोळखी माणसावर, मोठ्या संस्थेवर विश्वास टाकून सहा महिन्यांची उधारी द्यावी लागते. एकदा जो त्यात भाजला तो लहान राहणं पसंत करतो. बंद पडलेले धंदे मोजता येतात. जे जगण्यासाठी मुद्दाम लहान राहिले, ते कुणी मोजत नाही. त्या चार बायकांचा रोजगारही कोणत्या आकड्यात येत नाही.

तरुणांसमोर बोलायची वेळ आली की मी आता शिक्षणाबरोबर आणखी दोन गोष्टी सांगते. पहिल्या दिवशी उद्योगाची नोंदणी करा, आणि प्रत्येक बिलावर पैसे देण्याची तारीख लिहून घ्या, मग समोर सख्खी बहीण का असेना. पण खरं तर हे भाषण त्यांच्यासाठी नाही, समोरच्या रांगेत बसलेल्या आम्हा पगारदारांसाठी हवं. संस्थांमध्ये, कार्यालयांमध्ये, मशिदींच्या आणि मदरशांच्या कमिट्यांमध्ये आपणच बसतो. ऐपत असून देणं लांबवणं हा जुलूम आहे, ही शिकवण आपण जुम्म्याला ऐकतो आणि सोमवारी फाईल खाली सरकवतो. कधी हातानं, कधी नुसतं गप्प बसून.

मागच्या महिन्यात हे सगळं मनात घोळत असताना माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी सापडली. शेजारच्या गल्लीत एक विधवा बाई ब्लाउज शिवते. दोन ब्लाउजचे सातशे रुपये. चिठ्ठीवर तारीख दोन महिन्यांपूर्वीची. मी विसरले नव्हते. जाऊ, देऊ, ती काय पळून जातेय, असं चाललं होतं. तशीच चप्पल घालून गेले. तिच्या मशिनीची सुई तुटली होती आणि ती उजेडात धरून जुनीच घासत बसली होती. पैसे घेताना ती संकोचून म्हणाली, ''आपा, इतनी जल्दी क्या थी?''